डायमंड पाचच्या पायरीवर

दर महिन्याच्या एक तारखेला हार्थस्टोन खेळणाऱ्या सगळ्यांची पायरी पुसली जाते. आदल्या रात्री जिथवर पोचलं होतं तिथे कोणीच राहत नाही. सगळे पुन्हा ब्राँझ दहावर. तिथून सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड. पाच गट, प्रत्येक गटात दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर तीन तारे. जिंकलं की तारा मिळतो, हरलं की जातो. या पन्नास पायऱ्यांच्या वर आहे लेजंड. तिथे एकदा पाऊल ठेवलं की त्या महिन्यापुरतं कोणी खाली ढकलत नाही. ब्लिझर्ड कंपनीने हा पत्त्यांचा खेळ मार्च २०१४ मध्ये आणला आणि शिडीची ही रचना एप्रिल २०२० मध्ये केली. खेळणारी मुलं तिला लॅडर म्हणतात.

खालच्या पायऱ्या भराभर सरतात. मागच्या महिन्यात चांगली मजल मारलेल्याला प्रत्येक विजयामागे जादा तारे मिळतात, सलग जिंकलं तर आणखी. डायमंड पाचला सलग विजयांची ही सवलत बंद होते. तिथून लेजंड अवघ्या पंधरा ताऱ्यांवर. एक विजय, एक तारा. एक हार, एक तारा वजा. दिलासा एवढाच की डायमंड पाचच्या खाली घसरण नाही. या पंधरा ताऱ्यांत महिनेच्या महिने अडकलेली मुलं मी पाहिली आहेत आणि त्यातला एक माझा भाचा आहे. तो शॉमबर्गमध्ये राहतो, हायस्कूलला आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रात्री त्याने मला विचारलं, "मावशी, मी वाईट खेळतो का? निम्मे डाव हरतोय मी."

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना झाला.

शॉमबर्ग हे शिकागोच्या वायव्येचं उपनगर. १९५६ मध्ये गाव म्हणून त्याची नोंद झाली तेव्हा वस्ती होती १३० माणसांची; २०२० च्या जनगणनेत ती ७८ हजारांच्या पुढे गेली. १९७१ मध्ये वुडफील्ड मॉल उघडला, त्याच दशकात मोटोरोलाचं मुख्यालय इथे आलं आणि इंजिनियरांची घरं उभी राहिली. त्यात आपली माणसंही आली. मोटोरोला सोल्युशन्सने २०१६ मध्ये मुख्यालय शिकागो शहरात हलवलं, पण घरं राहिली, शाळा राहिल्या आणि शाळेत पुढे असण्याचा आग्रहही राहिला. या भागातल्या मराठी घरांत मुलाच्या आयुष्यात टक्के, पर्सेंटाइल, क्रमांक यांचा राबता असतो. नव्वदच्या खाली गेलेला आकडा इथे काळजीचा विषय होतो. अशा घरातल्या मुलाला पन्नास टक्के हा आकडा किती जड वाटत असेल, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं.

म्हणून मी आधी गणित करून पाहिलं. समजा, खेळाडू अगदी बरोबरीचा आहे; त्याची जिंकण्याची शक्यता प्रत्येक डावात नेमकी पन्नास टक्के. डायमंड पाचच्या तळाशी तो उभा आहे, खाली घसरण नाही, वर पंधरा तारे. त्याला लेजंडला पोचायला सरासरी किती डाव लागतील? उत्तर येतं २४०. एक डाव आठ मिनिटांचा धरला तर बत्तीस तास, म्हणजे महिनाभर रोज तासाहून थोडं जास्त. जिंकण्याचं प्रमाण ५२ टक्के असेल तर डाव उतरतात १६५ वर, ५५ टक्क्यांना १०७ वर, ६० टक्क्यांना ६५ वर. आता उलट्या दिशेने पाहा. ४८ टक्के जिंकणारा, म्हणजे जिंकतो त्यापेक्षा जास्त हरणारा खेळाडूसुद्धा सरासरी ३८० डावांत, सुमारे एक्कावन्न तासांत, लेजंडला पोचतो. कारण तळाची पायरी त्याला धरून ठेवते. ही सगळी सरासरी आहे. एखादा त्याच्या निम्म्या डावांत जाईल, दुसऱ्याला दुप्पट लागतील.

हे आकडे मी भाच्यासमोर ठेवले. ६० टक्के जिंकणारा नऊ तासांत जिथे जातो तिथेच ४८ टक्केवाला एक्कावन्न तासांत जातो, आणि दोघांच्या नावापुढे चिन्ह तेच लागतं. लेजंडच्या चिन्हात कौशल्य किती आणि मोकळा वेळ किती, हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही. शाळा, पियानो, टेनिस सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्या मुलाने त्या चिन्हावरून स्वतःची किंमत करणं मला मनापासून चुकीचं वाटतं.

पण निम्मे डाव हरण्यामागचं मोठं कारण वेगळंच आहे, आणि ते शॉमबर्गपासून फार लांब नाही. उत्तरेला गाडीने दीड तासावर मिलवॉकी आहे. तिथल्या मार्केट विद्यापीठात अर्पाद एलो नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९०३ मध्ये हंगेरीत जन्मलेले, लहानपणीच अमेरिकेत आलेले, बुद्धिबळाचे पक्के खेळाडू; विस्कॉन्सिन राज्याचं विजेतेपद त्यांनी आठ वेळा मिळवलं. खेळाडूंना गुण देण्याची त्या वेळची पद्धत त्यांना ढिसाळ वाटत होती. त्यांनी मांडलेली कल्पना अशी की गुणांकन म्हणजे बक्षीस नव्हे, तो अंदाज आहे. दोन खेळाडूंच्या गुणांकांतल्या फरकावरून कोण किती वेळा जिंकेल याचं भाकीत करायचं. फरक १०० चा असेल तर वरचा सुमारे ६४ टक्के वेळा जिंकेल, २०० चा असेल तर ७६ टक्के. भाकीत खरं ठरलं तर गुण थोडे हलतात, खोटं ठरलं तर जास्त. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ही पद्धत १९६० मध्ये स्वीकारली, जागतिक संघटना फिडेने १९७० मध्ये. एलो १९९२ मध्ये वारले. आज इंटरनेटवर जवळपास कुठलाही स्पर्धेचा खेळ घ्या, प्रतिस्पर्धी निवडण्यामागे त्यांच्याच विचाराची कुठली तरी आवृत्ती चालू असते. खेळाडूला आपला गुणांक सहसा दिसत नाही. मुलं त्याला एमएमआर म्हणतात.

आता या यंत्रणेचं काम काय? तुमच्यासमोर तुमच्याच तोडीचा खेळाडू बसवणं. ते काम तिने चोख केलं तर तुम्ही निम्मे डाव जिंकणार आणि निम्मे हरणार. तुम्ही सुधारलात की काही दिवस जास्त जिंकाल, मग तुमच्यासमोर आणखी चांगले खेळाडू येऊ लागतील आणि आकडा पुन्हा पन्नासकडे सरकेल. भाचा ज्याला आपलं अपयश समजत होता ते मुळात यंत्रणा नीट चालल्याचं लक्षण होतं. शाळेत चाळीस मुलांत पहिला येणारा मुलगा वर्षभर पहिला राहू शकतो, कारण वर्ग बदलत नाही. लॅडरवर प्रत्येक विजयानंतर वर्ग बदलतो. आपल्या घरांत वाढलेल्या मुलाला हा अनुभव दुसरीकडे कुठे येत नाही, आणि तो कोणी समजावूनही सांगत नाही.

हारींच्या माळेचंही तसंच. नाणं शंभर वेळा उडवलं तर त्यात कुठे तरी सलग पाच वेळा काटा पडण्याची शक्यता ८१ टक्के असते. सलग सहा वेळा पडण्याची निम्म्याहून अधिक. म्हणजे शंभर डाव खेळणाऱ्या बरोबरीच्या खेळाडूने एकदा तरी ओळीने पाच डाव हरणं ही जवळपास ठरलेली गोष्ट आहे. पण तो पाचवा डाव रात्री साडेअकराला हरला की शक्यतेचं शास्त्र आठवत नाही. पत्ते मुद्दाम वाईट येतायत असं वाटतं, डेक, म्हणजे खेळायला निवडलेला पत्त्यांचा संच, बदलावासा वाटतो, आणि मुख्य म्हणजे गेलेला तारा आजच परत मिळवायचा असतो. पोकरवाल्यांकडून आलेला ‘टिल्ट’ हा शब्द या अवस्थेसाठी सगळे वापरतात. डोकं फिरलेल्या माणसाचा खेळ खरोखरच बिघडतो, आणि मग मात्र हारी नाण्याच्या राहत नाहीत, त्याच्या स्वतःच्या होतात. लॅडरवर वर गेलेल्या खेळाडूंचं बोलणं ऐकलं तर सगळ्यांचा एक सल्ला समान असतो: ओळीने दोन-तीन हरलात की उठा. दुसरा सल्ला तितकाच साधा: महिनाभर एकच डेक खेळा. तिसऱ्याकडे लहान वयात दुर्लक्ष होतं. डावाच्या सुरुवातीला हातात आलेल्या पत्त्यांतले कुठले ठेवायचे आणि कुठले परत द्यायचे, ज्याला मलिगन म्हणतात, त्यावर घालवलेले दहा सेकंद पुढच्या दहा चालींपेक्षा मोलाचे असतात. पहिल्या तीन-चार पाळ्यांत खेळता येतील असे स्वस्त पत्ते हातात हवेत. भारी पत्त्याचा मोह तिथेच सोडावा लागतो.

आपल्याकडे पत्त्यांविषयी दोन मनं पहिल्यापासून आहेत. सुट्टीत आजोळी मेंढीकोट, बदाम सात, तीनशेचार खेळलेली पिढी एकीकडे, आणि पत्ते म्हटलं की जुगार आठवणारी दुसरीकडे. पुष्कळदा एकाच माणसात दोन्ही. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही हाताने रंगवल्या जाणाऱ्या गंजिफा आठवाव्यात. दशावतारी गंजिफात विष्णूच्या प्रत्येक अवताराचा एक असे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२० गोल पत्ते. ज्या समाजाने देवाचे अवतार पत्त्यांवर आणले त्याला पत्त्यांचं वावडं नव्हतं. पैसा आला की प्रश्न बदलतो. भारतात ऑनलाइन रमीत पैसे घालवलेल्या घरांच्या कहाण्या आपण वाचल्या आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच कायद्याने ई-स्पोर्टला मात्र वेगळं काढून मान्यता दिली. ही रेघ मला योग्य वाटते. हार्थस्टोनमध्ये पैसा लागतो तो पत्त्यांची पाकिटं घ्यायला, आणि त्यावर आईवडिलांनी बारीक लक्ष ठेवलंच पाहिजे. पाकिटात काय निघेल हे आधी कळत नाही आणि हवा तो पत्ता मिळेपर्यंत हात थांबत नाही. डावावर मात्र पैसा लागत नाही. पणाला लागतो तो वेळ आणि मन.

भाच्याच्याच घरात, जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉप उघडून आणखी एक जण ऑनलाइन पत्ते खेळत होते. माझे वडील. बँकेतून निवृत्त झाल्यावर वर्षातले काही महिने ते बहिणीकडे असतात आणि रात्री साडेआठला ब्रिज बेस ऑनलाइनवर बसतात, कारण तेव्हा पुण्यात सकाळचे सात वाजलेले असतात आणि त्यांचा पार्टनर चहा घेऊन समोर असतो. फ्रेड गिटलमन यांनी २००१ च्या सुमारास उभ्या केलेल्या या ठिकाणी जगभरचे ब्रिज खेळाडू जमतात. करोनाच्या काळात अमेरिकेतले क्लब बंद पडले तेव्हा क्लबांचे डावही तिथेच हलले आणि सत्तरीतल्या माणसांनी माऊस हातात धरला.

ब्रिजने नशिबाचा प्रश्न फार पूर्वी हाताळला. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली. डुप्लिकेटची चाल त्याच्याही आधीपासून, ब्रिजच्या आधीच्या व्हिस्ट या खेळाच्या काळापासूनची होती. वाटलेले बावन्न पत्ते तसेच्या तसे सगळ्या टेबलांवर खेळायचे. तुमच्या हातात एकही एक्का नसला तरी बिघडत नाही. तेच भिकार पत्ते दुसऱ्या टेबलावर ज्याच्याकडे आले त्याने त्यांचं काय केलं, एवढंच तपासलं जातं. हरलेल्या डावातही पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात, जर बाकीचे तुमच्यापेक्षा जास्त हरले असतील. हार्थस्टोनच्या मुलांना हे कधीच कळत नाही की याच पत्त्यांवर दुसरा कोणी जिंकला असता का. ही उणीव मोठी आहे आणि लॅडरवरचा बराचसा मनस्ताप तिच्यातून येतो.

अमेरिकन काँट्रॅक्ट ब्रिज लीगची शिडीही निराळी आहे. तिथले मास्टरपॉइंट कधी कमी होत नाहीत. रूकीपासून सुरुवात, पाच गुणांना ज्युनियर मास्टर, वीसला क्लब मास्टर, मग सेक्शनल, रीजनल, आणि २०१० पासून सभासद झालेल्यांना पाचशे गुणांना लाइफ मास्टर. पण नुसत्या पाचशेंनी भागत नाही, त्यांचे रंग ठरलेले आहेत: क्लबचे काळे, सेक्शनल स्पर्धेचे चंदेरी, रीजनलचे लाल आणि सोनेरी. चंदेरी-सोनेरी गुणांसाठी साधारणपणे घराबाहेर पडून, समोरासमोर टेबलाला बसावं लागतं. इथेही वेळ मोजला जातोच. भरपूर खेळणारा सामान्य खेळाडू कमी खेळणाऱ्या चांगल्या खेळाडूच्या पुढे असतो, हे ब्रिजवाले उघडपणे मान्य करतात. फक्त इथे एक तारखेला कोणी काही पुसत नाही. सत्तराव्या वर्षी शिकायला बसलेल्या माणसासाठी ही पद्धत मला जास्त माणुसकीची वाटते. सतरा वर्षांच्या मुलासाठी कोणती बरी, याबद्दल माझं मत पक्कं नाही. पुसून नव्याने सुरुवात करण्यात त्या वयाला एक मोकळेपणाही असतो.

लॅडरच्या वर काय आहे, हेही या मुलांना दिसत असतं. मॅजिक अरीना या दुसऱ्या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळात महिनाअखेर मिथिक या सर्वांत वरच्या गटातल्या पहिल्या अडीचशे जणांना पात्रता फेरीचं दार उघडतं, आणि तिथून पुढची वाट प्रो टूर या व्यावसायिक स्पर्धेपर्यंत जाऊ शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो प्रो टूर शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेसमध्ये झाला, शॉमबर्गपासून तीसेक मैलांवर. सेथ मॅनफील्ड जिंकले. आणि खुद्द शॉमबर्गच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये २०२२ पासून मेमोरियल डेच्या सुट्टीत कॉम्बो ब्रेकर ही मारामारीच्या व्हिडिओ गेमची मोठी स्पर्धा भरू लागली. पत्त्यांचा तिथे संबंध नाही, पण हरण्याचा आहे. तिथे दोनदा हरलं की बाहेर. पहिल्या फेरीत निम्मे हरणार, त्यांतले निम्मे पुढच्या फेरीतही हरणार. म्हणजे विमानाचं तिकीट काढून, हॉटेल घेऊन आलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा एकही सामना न जिंकता दोन हारींत मोकळा होतो. ती माणसं घरी जात नाहीत. बाजूला मांडलेल्या मोकळ्या यंत्रांवर अनोळखी लोकांशी रात्री उशिरापर्यंत खेळत बसतात, ज्याने हरवलं त्यालाच गाठून ‘तिथे मी काय करायला हवं होतं’ असं विचारतात. लॅडरवर हे होत नाही. समोरच्याचं तोंड दिसत नाही, डाव संपला की तो नाहीसा होतो, आणि हारीविषयी बोलायला कोणी उरत नाही.

आपल्या देशाची हार्थस्टोनमधली एक आठवण इथे सांगायलाच हवी. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट प्रात्यक्षिक म्हणून होते, आणि त्यात कच्छमधल्या भुजच्या तीर्थ मेहताने कांस्य मिळवलं. अधिकृत पदकतक्त्यात ते धरलं गेलं नाही, पण पदक खरं होतं. पुढच्या वर्षी ब्लिझकॉनमध्ये चीनची ली शियाओमेंग जागतिक अंतिम सामना ३-० ने जिंकली. हार्थस्टोनचं हे विजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री. पूर्वी एका स्पर्धेच्या रांगेत, मुलीने इथे उभं राहू नये, असं तिला सुनावलं गेलं होतं, हे तिने त्या मंचावर सांगितलं. मी हा प्रसंग भाच्याच्या धाकट्या बहिणीलाही सांगितला. तीही खेळते, आणि आपलं खरं नाव लपवून खेळते.

भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर शेवटी माझ्या गणिताने दिलं नाही, बाबांनी दिलं. त्यांच्या रोजच्या खेळाचा अर्धा भाग डाव संपल्यावर सुरू होतो. चारही हात पडद्यावर उघडे ठेवून ते आणि पुण्याचे पार्टनर वाद घालतात: उतारी इस्पिकची का केली, हुकूम आधीच का संपवले, राणीवर डाव का टाकला. जिंकलेल्या डावाचीही सुटका नसते. एका रात्री भाचा पाणी प्यायला आला आणि ऐकत उभा राहिला. "आजोबा, तुम्ही जिंकलात ना? मग भांडताय कशाला?" बाबा म्हणाले, "जिंकलो ते समोरच्याच्या चुकीने. आमची चूक तशीच आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्याने डाव जपून ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक डावासाठी एक ओळ: मलिगनला काय ठेवलं, कुठल्या पाळीला डाव फिरला, आणि दुसरी चाल हाती होती का. निकाल लिहायचा नाही, असं बाबांनी बजावलं होतं. रविवारी दोघं ती वही घेऊन बसायचे. हार्थस्टोनचे नियम बाबांना येत नव्हते, ते त्यांनी वहीतून शिकून घेतले. एका रविवारी पानं उलटत त्यांनी बोट ठेवलं. समोर चपळ डेक आला की भाचा दर वेळी तोच एक महागडा पत्ता हातात राखून ठेवत होता. जिंकलेल्या डावांतही.

"हा कशासाठी धरून ठेवतोस?"

"माझा सगळ्यात भारी पत्ता आहे तो, आजोबा."

"आठव्या पाळीला भारी. तू सहाव्याला मरतोयस," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पुढचं पान उलटलं.